मेलिफेराच्या पेटीतले माइट: औषधाआधीची कामं आणि त्यांचा क्रम

औषध टाकलं, तळपाटावर (पेटीच्या तळाच्या फळीवर) मेलेले माइट, म्हणजे मधमाश्यांवर जगणारे बारीक परजीवी, दिसले, आणि महिन्याभरात पुन्हा तितकेच झाले. मधपाळांची ही तक्रार इतकी नेहमीची आहे की पुढचा प्रश्नही ठरलेला असतो: याहून जालीम काही मिळतं का? औषध बहुधा ठीकच असतं. ते टाकलं त्या दिवशी पेटीतले बहुतेक माइट कोषांच्या मेणाच्या झाकणाखाली बसलेले होते आणि औषध तिथपर्यंत गेलंच नाही. माश्यांच्या अंगावर होते तेवढे मेले. आतले दहाबारा दिवसांत नव्या माशीबरोबर बाहेर आले.

म्हणून खाली दिलेला क्रम मोडू नका. मोजणी, मग राणी थांबवणं (म्हणजे ती पिंजऱ्यात कोंडून अंडी घालणं बंद ठेवणं), मग औषध, मग पुन्हा मोजणी.

हे सगळं मेलिफेरासाठी आहे, म्हणजे आपण जिला इटालियन माशी म्हणतो तिच्यासाठी. दहा चौकटींची पेटी धरून लिहिलं आहे. सातेरी या आपल्या देशी माशीवर यातलं काहीही करू नका. व्हरोआ हा माइट मुळात सातेरीचाच परजीवी. तिच्याकडे तो प्रामुख्याने नरांच्या घरांतच वाढतो, कामकरी माश्या एकमेकींच्या अंगावरचे माइट काढून टाकतात, त्यामुळे तो सहसा हाताबाहेर जात नाही. सातेरीची राणी तीन आठवडे कोंडलीत तर वसाहत पेटी सोडून जाण्याचीच भीती जास्त. तिच्या पेटीत अळ्या पिशवीसारख्या फुगून मरत असतील तर तो सॅकब्रूड हा विषाणूरोग असतो. त्यावर माइटचं औषध चालत नाही.

टप्पा १: कोणता माइट आहे ते ओळखा

आपल्याकडे मेलिफेराच्या पेटीत दोन प्रकारचे माइट सापडतात आणि पुष्कळदा एकाच पेटीत दोन्ही असतात.

व्हरोआ तांबूस-तपकिरी, चपटा, लांबीपेक्षा रुंदीला जास्त: रुंदी सुमारे १.६ मिलिमीटर, लांबी १.१. खेकड्यासारखा आकार. माशीच्या पोटाच्या खालच्या बाजूला, दोन पट्ट्यांच्या फटीत घुसून बसतो, त्यामुळे वरून पाहून तो क्वचितच दिसतो.

ट्रॉपिलेलॅप्स त्याहून बारीक. लांबी साधारण १ मिलिमीटर, अंगाने लांबुळका, आणि पळतो जोरात. घराचं झाकण काढलं की तो कडेने धावताना दिसतो. हा मूळचा आग्या माशीवरचा. मोठ्या माशीच्या अंगावर त्याला नीट पोसता येत नाही, पिलावा (घरांतली अंडी, अळ्या, कोष) नसेल तर तो दोन-तीन दिवसांत मरतो. टप्पा ५ मधली सगळी युक्ती याच गोष्टीवर उभी आहे.

पेटीसमोर चुरगळलेल्या पंखांच्या माश्या रांगताना दिसणं, पिलाव्यात मधेमधे रिकामी घरं, झाकणांना कुरतडलेली भोकं ही लक्षणं खरी, पण फार उशिराची. ती दिसेपर्यंत थांबणारा मधपाळ पेटी गमावतो आणि मग म्हणतो, मेणकिड्याने खाल्ली. मेणकिडा शेवटी येतो. आधी माइटनी वसाहत इतकी रोडावलेली असते की पोळी राखायला माश्याच उरलेल्या नसतात.

टप्पा २: तारखा आधी कागदावर मांडा

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात.

राणी तीन आठवडे थांबवली की तीन आठवडे नवी अंडी नाहीत, आणि पुढे कधीतरी तीन आठवडे नव्या चाऱ्याच्या माश्या नाहीत. अंड्यातून कामकरी माशी निघायला २१ दिवस, आणि ती फुलांवर जायला लागेपर्यंत आणखी साधारण तीन आठवडे. म्हणजे आज घातलेलं अंडं सहा आठवड्यांनी मध आणतं. हा खड्डा ऐन फुलोऱ्यात येऊ द्यायचा नाही.

हिशेब उलटा करा. ज्या पिकावर मध घ्यायचा आहे त्याचा बहर कधी सुरू होतो ते लिहा. त्यातून सहा आठवडे वजा करा, ती राणी सोडायची तारीख. त्यातून आणखी तीन आठवडे वजा करा, ती राणी कोंडायची तारीख.

समजा तुमच्या भागात तूर १० नोव्हेंबरच्या सुमारास फुलावर येते:

- राणी कोंडायची: ८ सप्टेंबर
- राणी सोडायची: २९ सप्टेंबर
- औषध: २ ऑक्टोबर

पठारावर हा काळ सोयीचाही आहे. पावसाळ्याच्या उपासमारीत पिलावा आधीच कमी झालेला असतो, वरच्या मधकोठ्या उतरवलेल्या असतात, आणि मका-बाजरीचा परागही थोडाफार मिळतो. कांदा बियाण्याच्या प्लॉटसाठी पेट्या भाड्याने देणाऱ्यांनी कांद्याची तारीख धरून असंच मागे मोजावं.

सावधान: एका ठिकाणच्या सगळ्या पेट्या एकाच वेळी घ्या. निम्म्या पेट्यांवर उपचार करून उरलेल्या पुढच्या महिन्यावर टाकल्या, तर भटकणाऱ्या आणि लुटायला जाणाऱ्या माश्या माइट परत आणून देतात. शेजारच्या शेतात दुसऱ्या कुणाच्या पेट्या असतील तर त्यालाही सोबत घ्या. समजूत काढायला वेळ लागतो, पण ते टाळता येत नाही.

टप्पा ३: सामान

- रुंद तोंडाची बरणी. झाकणाच्या जागी अडीच-तीन मिलिमीटर भोकांची जाळी. डासांची जाळी लावू नका, तिच्यातून माइट पडत नाहीत आणि मोजणी खोटी चांगली येते.
- पिठीसाखर, घरी कोरडी दळलेली.
- १२० मिलिलीटरची खूण केलेलं माप.
- पांढरं ताट.
- प्रत्येक पेटीला एक राणीपिंजरा. कडा गुळगुळीत, आणि बाहेरच्या माश्या जाळीतून राणीला भरवू शकतील असा. आत पोळ्याचा तुकडा नको, नाहीतर ती तिथेच अंडी घालेल.
- ऑक्झॅलिक अॅसिड डायहायड्रेट (हेच आपलं औषध), प्रयोगशाळेच्या दर्जाचं. फरशी किंवा गंज साफ करायला मिळतं ते घेऊ नका, त्यात आणखी काय मिसळलंय ते कळत नाही.
- ग्रॅममध्ये नीट मोजणारा छोटा डिजिटल काटा, १० मिलिलीटरची सिरिंज, रबरी हातमोजे, डोळ्यांचा चष्मा.
- पेटीचा नंबर आणि तारखा लिहायला वही. झाकणावर खडूने लिहिलेलं पहिल्या पावसात जातं.

स्टँडच्या पायाखालच्या वाट्यांत पाणी आहे ना, तेही बघून ठेवा. मुंग्या तळपाटावर पडलेले माइट उचलून नेतात. मग तिथे काही दिसत नाही आणि माणूस खूश होतो.

टप्पा ४: मोजणी

राणी कुठल्या चौकटीवर आहे ते आधी शोधा आणि ती चौकट बाजूला ठेवा. हे न करता माश्या झटकल्या तर राणी बरणीत जाते.

१. पिलावा असलेल्या दोन-तीन चौकटींवरच्या माश्या घमेल्यात झटका. कडेच्या, मधाच्या चौकटींवरच्या माश्या घेऊ नका. अळ्यांना भरवणाऱ्या माश्यांवर माइट जास्त असतात.

२. त्यातून १२० मिलिलीटर माप भरून माश्या बरणीत टाका. या साधारण ३०० भरतात.

३. दोन मोठे चमचे पिठीसाखर जाळीवरून आत घाला. बरणी मिनिटभर आडवी लोळवा, प्रत्येक माशी पांढरी झाली पाहिजे. मग दोन-तीन मिनिटं सावलीत ठेवा. ही वाट पाहणं घाईत राहून जातं आणि आकडा निम्म्यावर येतो.

४. बरणी उलटी करून ताटात मिनिटभर जोरात झटका. ताटात थोडं पाणी शिंपडा. साखर विरघळते, माइट दिसतात.

५. आलेला आकडा तीनने भागा. तो शेकडा प्रमाण.

माश्या पेटीच्या दाराशी सोडून द्या. बहिणी त्यांना चाटून साफ करतात.

पावसाळी दमट हवेत ही पद्धत दगा देते, कारण साखर ओलावा धरून गोळा होते आणि माइट चिकटूनच राहतात. अशा दिवसांत भांडी घासायच्या साबणाच्या पाण्यात किंवा सर्जिकल स्पिरिटमध्ये माश्या बुडवून, हलवून, गाळून मोजावं लागतं. त्यात त्या तीनशे माश्या मरतात. अनेकांना ते जिवावर येतं, पण जोमातली राणी दिवसाला हजारावर अंडी घालते. चुकीच्या आकड्यावर विसंबून गेलेली अख्खी पेटी जास्त महाग पडते.

वरच्या मोजणीत ट्रॉपिलेलॅप्स जवळजवळ दिसतच नाही, कारण तो माशीच्या अंगावर फार वेळ राहत नाही. त्यासाठी झाकलेल्या पिलाव्याची चौकट घ्या, माश्या झटकून टाका आणि चौकटीची कड पांढऱ्या ताटावर दोनदा आपटा. चौकट उलटून पुन्हा दोनदा. पळणारे बारीक ठिपके दिसले की ओळख पटली. शिवाय चिमट्याने शंभर घरं उघडून पाहा. नरांची घरं असतील तर तीच निवडा, व्हरोआला ती जास्त पसंत असतात आणि पांढऱ्या कोषावर तांबडा माइट लगेच उठून दिसतो.

खात्री करा: शंभर माश्यांमागे ३ किंवा जास्त व्हरोआ, म्हणजे बरणीत ९ किंवा वर, असतील तर पुढचे टप्पे लगेच हाती घ्या. २ च्या आसपास असेल आणि बहराला वेळ असेल तरी घ्या. ट्रॉपिलेलॅप्स मात्र एक दिसला तरी पुरे. तो व्हरोआपेक्षा झपाट्याने वाढतो, आकड्याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

एकाच पेटीची मोजणी करून सगळ्या पेट्यांचा निर्णय घेऊ नका. दहा पेट्यांमागे निदान तीन मोजा, आणि त्यात सगळ्यात दणकट पेटी हवीच. भरपूर पिलावा असलेल्या पेटीतच माइटही भरपूर वाढतात. बाहेरून ठणठणीत दिसते म्हणून ती सुटते.

टप्पा ५: राणी थांबवणं

दिवस ०. सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान, चाऱ्याच्या माश्या बाहेर असताना पेटी उघडा. धूर कमी. जास्त धुराने राणी पळते आणि मग चौकटी उलथापालथ करत बसावं लागतं. राणी पंखांना धरून पिंजऱ्यात घाला आणि पिंजरा मधल्या दोन चौकटींच्या मध्ये, पिलाव्याच्या उंचीवर अडकवा. कडेला टांगला तर थंड रात्री माश्या मध्यभागी गोळा होतात आणि राणी एकटी पडते.

त्याच दिवशी साखरपाणी सुरू करा, एकास एक. तीन आठवडे उपाशी ठेवलेली वसाहत औषधही सोसत नाही.

दिवस ७. हा दिवस चुकवू नका. राणी पिंजऱ्यात असली तरी काही वसाहती कोवळ्या अळ्यांवर राणीघरं बांधायला घेतात. प्रत्येक चौकटीवरच्या माश्या झटकून, शेंगदाण्यासारखी लोंबती घरं शोधून मोडा. माश्यांनी झाकलेल्या चौकटीवर राणीघर हमखास नजरेतून सुटतं. एक जरी राहिलं तरी नवी राणी निघेल आणि पुढचं वेळापत्रक कोसळेल.

दिवस २१. पिलाव्याच्या चौकटी उजेडात धरून पाहा. कामकऱ्यांची सगळी घरं रिकामी झालेली असायला हवीत. नरांची तुरळक झाकलेली घरं असू शकतात, कारण नर निघायला २४ दिवस लागतात. ती खरवडून काढा. संध्याकाळी पिंजऱ्याचं दार उघडून राणीला पोळ्यावर चालत जाऊ द्या.

तोवर ट्रॉपिलेलॅप्सचा प्रश्न बहुतेक आपोआप संपलेला असतो. पिलावा नाही, म्हणून त्याला खाणं नाही. व्हरोआ मात्र माश्यांच्या शरीरातल्या चरबीच्या थरावर जगत उघड्यावर बसलेला असतो.

राणी मेलेली आढळली तर घाबरून लगेच दुसऱ्या पेटीतली अंड्यांची चौकट देऊ नका. त्या चौकटीबरोबर झाकलेली घरं आणि त्यांतले माइट येतात. आधी टप्पा ६ उरका, मग राणी किंवा चौकट द्या.

टप्पा ६: ऑक्झॅलिक अॅसिड

दिवस २४. राणीने २१ व्या दिवशी अंडी घालायला सुरुवात केली तरी ती तीन दिवसांनी फुटतात. म्हणजे आज पेटीत अंडी असतील, उघड्या अळ्या जेमतेम, आणि झाकलेलं एकही घर नाही. अॅसिड कोवळ्या अळ्यांना इजा करतं, म्हणून हाच दिवस. फार तर एक दिवस इकडेतिकडे. नवी घरं २९-३० व्या दिवशी झाकायला लागतात; तोवर दिरंगाई केली तर सगळी मेहनत वाया.

द्रावण: ६०० मिलिलीटर कोमट पाण्यात ३५ ग्रॅम ऑक्झॅलिक अॅसिड डायहायड्रेट विरघळवा, मग ६०० ग्रॅम साखर. साधारण एक लिटर होतं. काच किंवा प्लास्टिकचं भांडं घ्या, अॅल्युमिनियमचं अजिबात नको. हातमोजे आणि चष्मा घालूनच काम करा, पूड नाकात जाऊ देऊ नका. अंगावर सांडलं तर भरपूर पाण्याने धुवा.

द्रावण त्याच दिवशी वापरा. साखर आणि अॅसिड एकत्र साठवलं की माश्यांना विषारी पदार्थ तयार होतो, उन्हाळी हवेत तर लवकर. तपकिरी झालं असेल तर फेकून द्या.

वेळ संध्याकाळची, माश्या घरी आल्यावर. सिरिंजने दोन चौकटींमधल्या प्रत्येक गल्लीत ५ मिलिलीटर, गल्लीभर बारीक धारेने, थेट माश्यांवर. माश्या नसलेल्या गल्ल्या सोडा. सात गल्ल्यांत माश्या असतील तर ३५ मिलिलीटर. पेटी कितीही भरलेली असली तरी ५० च्या वर जाऊ नका.

सावधान: "थोडं जास्त टाकलं तर बरं" हा विचार इथे माश्या मारतो. आठवड्याने पुन्हा एक मात्रा द्यायची सवयही सोडा. झाकलेला पिलावा नसताना एकच नीट दिलेली मात्रा ९० टक्क्यांच्या वर व्हरोआ पाडते, आणि दुसरी मात्रा त्याच माश्यांच्या पोटात जाते.

टप्पा ७: पुन्हा मोजणी

दहा दिवसांनी बरणीची मोजणी. ३०० माश्यांत शून्य किंवा एक माइट अपेक्षित आहे. तीनच्या वर आले तर कारण शोधा, औषध बदलू नका. बहुतेक वेळा यांतलं एक निघतं: कुठेतरी झाकलेली घरं राहिली होती, ७ व्या दिवशीचं राणीघर सुटलं होतं, किंवा जवळपास एखादी पेटी कोसळते आहे आणि तुमच्या माश्या तिथे लुटायला जात आहेत.

पुढे महिन्यातून एकदा मोजा. मोहरीसाठी उत्तरेला नेलेल्या पेट्या परत आल्या की त्यांची मोजणी झाल्याशिवाय घरच्या पेट्यांशेजारी लावू नका. तिकडे शेकडो पेट्या एकमेकींना लागून उभ्या असतात.

राणी कोंडणं शक्यच नसेल तर

बहर तोंडावर आहे, किंवा पेट्या इतक्या की राण्या शोधणं परवडत नाही, अशा वेळी फॉर्मिक अॅसिड. त्याची वाफ झाकणाच्या आतपर्यंत जाते हा त्याचा मोठा गुण. ८५ टक्क्यांचं अॅसिड, छोट्या काचेच्या कुपीत कापसाची वात घालून तळपाटावर ठेवतात. रोज ५ मिलिलीटर, दोन आठवडे, पेटीचं दार पूर्ण उघडं. मधकोठी लावलेली असताना हे करायचं नाही.

अडचण तापमानाची. दुपारचा पारा ३० अंशांच्या वर जात असेल तर वाफ एकदम उठते, पिलावा मरतो, राणीही जाते. म्हणजे आपल्या पठारावर एप्रिल-मे आणि ऑक्टोबरचा उन्हाचा तडाखा बाद. थंडीत किंवा घाटमाथ्यावर जमतं. माश्या सगळ्याच्या सगळ्या बाहेर येऊन पेटीला लोंबकळल्या तर कुपी काढून घ्या. माणसासाठीही हे धोक्याचं आहे: त्वचा भाजते, वाफेने डोळे आणि फुप्फुसं दुखावतात. वारा पाठीमागून येईल असं उभं राहून, अॅसिडच्या वाफेचा मास्क लावूनच हाताळा. कापडी मास्कचा उपयोग नाही.

नर वाढत असतील त्या दिवसांत जोडीला आणखी एक काम करता येतं. नरांच्या घरांची चौकट पेटीत द्या, घरं झाकली गेली की नर निघायच्या आत, अंडी पडल्यापासून विसाव्या दिवसापर्यंत, ती काढून आतला पिलावा कोंबड्यांना घाला. विसरलात तर तुम्ही माइटचं पैदास केंद्र चालवत आहात.

हे करू नका

गोचिडांचं औषध पुठ्ठ्यावर ओतून पेटीत टांगणं बंद करा. किती मात्रा सुटते ते कुणालाच माहीत नसतं, आणि त्याचे अंश मधात, मेणात उतरतात. फ्लुव्हॅलिनेट या माइटनाशकाच्या पट्ट्या महिनोन्‌महिने तशाच ठेवणं हेही तितकंच वाईट. मेणात ते साठत जातं आणि माइट त्याला सरावतात. पट्टी वापरायचीच तर पाकिटावरच्या मुदतीत काढून घ्या.

गंधकाची पूड चौकटींच्या वरच्या पट्ट्यांवर भुरभुरतात. चिमूटभराने थोडा फरक पडतो, पण झाकणाखाली तीही जात नाही. फवारणीचं पाण्यात विरघळणारं गंधक तर पेटीत आणूच नका.

पेटी गेलीच तर

संध्याकाळी लगेच दार बंद करा. उघडी राहिलेली मेली पेटी लुटायला आजूबाजूच्या सगळ्या वसाहती येतात आणि उरलेले माइट अंगावर घेऊन घरी जातात. माश्या आणि पिलावा नसेल तर माइट काही दिवसांत मरतात, त्यामुळे पोळी जाळायची गरज नाही. पिलाव्याची मेलेली घरं कापून टाका. फुटलेल्या अळ्यांना सडका, सरसासारखा वास येत असेल तर मात्र ती पोळी दुसऱ्या पेटीत देऊ नका. तो जिवाणूरोग असू शकतो. तुकडा कागदात गुंडाळून पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेला किंवा महाबळेश्वरच्या मध संचालनालयाला दाखवा. बाकीच्या चौकटी मेणकिडा लागायच्या आत वितळवा, किंवा दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवून घट्ट बंद करा.